उभ्या गाडीचं म्हातारपण

सकाळी दहाच्या सुमाराला ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात एक फेरी मारून या. माणसं लोकलमध्ये उभी असतात आणि त्यांच्या गाड्या घरी उभ्या असतात. कुणावर राखाडी कव्हर, कुणावर बदामाची वाळलेली पानं, एखादीच्या बॉनेटवर झोपलेलं मांजर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसाचं पोट रेल्वेवर चालत आलं आहे. मोटार आमच्याकडे आली ती फार नंतर, आणि तीही रोजच्या कामासाठी नव्हे. ती आली गणपतीत कोकणात जायला, दिवाळीत देशावर जायला, ईदला, उरुसाला, लग्नकार्याला आणि कधी मयतीला.

म्हणजे ज्या गाडीनं चार महिने फार तर भाजी मंडई आणि स्टेशन पाहिलेलं असतं, तिच्यात एके दिवशी पाच माणसं बसतात, डिकीत सामान भरलं जातं, आणि तिला एकदम दीडशे-दोनशे किलोमीटर जायचं असतं. वाटेत घाट असतोच. नाशिकला जायचं तर कसारा, जुन्नर-नगरकडे जायचं तर माळशेज, पुण्याला बोर घाट, कोकणात कशेडी. आणि घाटात, अगदी वळणावर, गाडी थांबते. मग आपण म्हणतो, ‘‘वय झालं तिचं. दीड लाख किलोमीटर झाले. कधीतरी दगा देणारच.’’

किलोमीटरवर घेतलेला हा आळ बहुतेक वेळा खोटा असतो, असं मला आज तुम्हाला सांगायचं आहे. मी कवितेचा माणूस. यंत्राचं शिक्षण मला कॉलेजनं दिलं नाही, ते मुंब्रा-कौसा आणि मुरबाड रोडच्या गॅरेजांमध्ये बाकड्यावर बसून, चहा पीत मिळालं. पण तिथल्या मिस्त्र्यांनी जे सांगितलं ते पुढे पुस्तकांतूनही खरं निघालं.

आधी किलोमीटरचं पाहू. जुन्या बऱ्याच गाड्यांच्या मीटरमध्ये किलोमीटरचे पाचच आकडे असत. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे एक किलोमीटर गेलं की सगळी शून्यं. म्हणजे बनवणाऱ्यांनाही एक लाख ही मोठीच मजल वाटत होती. पण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी हे शून्य एकदा नाही, अनेकदा पाहिलं. साधा हिशेब करा. टॅक्सी दोन पाळ्यांत मिळून दिवसाला शंभर किलोमीटर चालली आणि वर्षाचे तीनशे दिवस रस्त्यावर राहिली, तर वर्षाला तीस हजार, वीस वर्षांत सहा लाख. 

या टॅक्सी म्हणजे बहुतेक प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानं गाडी बनू लागली, आणि १९७०च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी ती ‘फियाट’च राहिली. अकराशे सीसीच्या आतलं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, कार्ब्युरेटर, एक फॅन, एक पट्टा. बॉनेट उघडलं की सगळा संसार डोळ्यांसमोर. नव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती ऑक्टोबर २००३ मध्ये. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. लक्षात घ्या, ती बंद पडली म्हणून गेली नाही. मुदत संपली म्हणून गेली.

याहून मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आयर्व्ह गॉर्डन नावाचे एक विज्ञानाचे शिक्षक राहत. त्यांनी १९६६ साली व्होल्वो कंपनीची पी-१८०० ही लाल गाडी घेतली. शाळेत जाऊन येऊन त्यांचा रोजचा प्रवास सुमारे दोनशे किलोमीटरचा. शिवाय सुटीत भटकंती. २०१३ साली त्या गाडीनं तीस लाख मैल पूर्ण केले. आपल्या मापात सुमारे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर. पृथ्वीला एकशेवीस फेऱ्या. २०१८ साली गॉर्डन वारले, गाडी तेव्हाही चालू होती. 

ही गाडी जगली, कारण ती रोज चालत होती. यामागे साधं शास्त्र आहे. इंजिनमधल्या धातूच्या भागांमध्ये तेलाचा पातळ थर असतो, तोवर धातू धातूला जवळजवळ घासतच नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की हे तेल निथळून खाली तळाच्या टाकीत उतरतं. सकाळी किल्ली फिरवल्यावर ते पुन्हा वर चढेपर्यंतचे काही क्षण इंजिनाची खरी झीज होते. टॅक्सी सकाळी तापली की रात्रीपर्यंत गरम राहते. आपली गाडी थंडीच सुरू होते, स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर जाते, नीट तापायच्या आत बंद होते. पेट्रोल जळताना तयार झालेली वाफ इंजिनमध्येच थंड होऊन तिचं पाणी होतं आणि ते तेलात मिसळतं. त्यामुळे टॅक्सीचे हजार किलोमीटर आणि आपले हजार किलोमीटर हे मीटरवर सारखे दिसले, तरी इंजिनाला सारखे नसतात.

पण हे झालं धातूचं. धातू सहसा वाटेत दगा देत नाही. तो आवाज करतो, धूर काढतो, तेल पितो, महिनोन्‌महिने सूचना देत राहतो. वाटेत दगा देतं ते रबर. फॅनचा पट्टा, रेडिएटरचे होज पाइप, पेट्रोल पंपातला पडदा, ब्रेकच्या सिलिंडरमधल्या वाट्या, आणि अर्थात टायर. रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला फक्त वर्षं कळतात. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते हळूहळू कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. कव्हरखाली झाकलेल्या गाडीतसुद्धा हे चालूच राहतं. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात, ते आज खाली जाऊन पाहा. तिथे २३१८ असं असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी अजून नव्यासारखी असली तरी त्याचं वय तेच. 

बॅटरीचंही तसंच. ती वापरली नाही म्हणून वाचत नाही. उभ्या गाडीत ती आपोआप उतरत जाते, आणि उतरलेल्या अवस्थेत फार दिवस राहिली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर असा थर बसतो, जो पुन्हा चार्ज करूनही पुरता निघत नाही. पेट्रोलमधला लवकर उडणारा भाग उडून जातो, मागे चिकट साका राहतो आणि तो कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या भोकात बसतो. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. अर्धी रिकामी लोखंडी टाकी आतून गंजते. सपाट रस्त्यावर हा गंज तळाशी शांत बसलेला असतो. घाटात गाडी मागे कलली, टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं, की तो ढवळून नळीत येतो. मिस्त्री त्याला एका शब्दात ‘कचरा’ म्हणतात. ‘‘कचरा आलाय’’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. आणि डोंबिवलीकरांना आणखी एक शत्रू सांगायला नको. पार्किंगमधले उंदीर. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उबेला येऊन ते वायरी कुरतडतात. चालत्या गाडीत घर करायला त्यांना सवड मिळत नाही.

आता प्रश्न राहतो, की हे सगळं घाटातच का उघडं पडतं? कल्याण जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. माळशेजचा माथा सातशे मीटरच्या आसपास. माणसं आणि सामान धरून तेराशे किलोचं ओझं इंजिनाला एवढं वर उचलायचं असतं. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला साधारण पाव हिस्साच चाकापर्यंत पोहोचतो. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. सपाट रस्त्यावर गाडी वेगात असते, समोरून वारा येतो, रेडिएटर थंड राहतो. चढावर वेग निम्मा, गिअर खालचा, इंजिनाची घरघर दुप्पट आणि वारा जवळपास नाही. त्यातून दुपार असेल आणि पुढे ट्रक असेल, तर विचारूच नका. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरवेलचं पाणी घातलेलं असेल, तर त्यातल्या क्षारांनी त्याच्या नळ्या अर्ध्या बुजलेल्या असतात. शहरात तेवढ्यावर भागतं. घाट मात्र पूर्ण हिशेब मागतो.

हे मी एकदा जवळून पाहिलं. २००४ सालचा मे महिना होता. पहाटे जुन्नरहून फोन आला, माझी खाला गेली होती. असरच्या नमाजनंतर दफन करायचं ठरलं होतं. आमच्यात मयत फार वेळ ठेवत नाहीत. अम्मीला बहिणीचं तोंड शेवटचं पाहायचं होतं. आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहत होतो, आमच्याकडे गाडी नव्हती. खालच्या मजल्यावरच्या काकांना कळलं. ते चपला घालूनच वर आले. ‘‘अम्मींना खाली आणा, मी गाडी काढतो,’’ एवढंच म्हणाले. गाडी जुनी होती, मीटर एकदा शून्यावर येऊन पुढे गेलेला, आणि संक्रांतीपासून ती जागची हलली नव्हती. अम्मी, माझी मोठी आपा, मी आणि काका. मुरबाड मागे पडलं, टोकावडे मागे पडलं. घाट लागल्यावर चौथ्या-पाचव्या वळणावर डॅशबोर्डवर लाल दिवा पेटला. काकांनी पुढचा विचार न करता गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तर फॅनचा पट्टा तुटून दोरीसारखा लोंबत होता.

तो पट्टा नुसता फॅन फिरवत नाही. पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमोही तोच फिरवतो. म्हणून पट्टा तुटला की आधी चार्जिंगचा लाल दिवा लागतो आणि मिनिट-दोन मिनिटांनी तापमानाचा काटा चढायला लागतो. त्या दोन मिनिटांत गाडी थांबवली तर नुकसान पट्ट्याएवढंच. ‘‘वर माथ्यापर्यंत नेऊ’’ म्हटलं, तर आतलं पॅकिंग जळतं, हेड वाकतं, आणि मग गाडी टोचन लावूनच न्यावी लागते.

बारा वाजून गेले होते. कल्याणहून वर जाणारी एसटी आली. मी हात केला, कंडक्टरला दोन वाक्यांत सांगितलं. बस भरलेली होती. त्यानं पुढच्या दोघांना उठवून अम्मीला आणि आपाला बसवलं. मलाही चढता आलं असतं. पण ज्या माणसानं आमच्यासाठी गाडी काढली त्याला त्या उन्हात घाटात एकटं सोडून जाणं बरं दिसलं नसतं. मी थांबलो. खाली जाणाऱ्या जीपवाल्याकडे निरोप दिला. दोन तासांनी टोकावड्याकडून एक तरुण मिस्त्री मोटारसायकलवर आला, खांद्यावर तीन पट्टे अडकवून. त्या गाडीचा त्यांतला एकही नव्हता. एक जवळपास जमणारा होता. त्यानं डायनॅमोचा नट सैल केला, डायनॅमो आत ढकलला, पट्टा बसवला, पुन्हा ओढून आवळला, आणि अंगठ्यानं दाबून पाहिला. मग जुना तुटका पट्टा हातात घेऊन वाकवला. आतल्या बाजूनं त्याला सगळीकडे भेगा होत्या. मला म्हणाला, ‘‘दादा, ही गाडी चालून नाय बिघडली. उभी राहून बिघडली.’’

आम्ही जुन्नरला पोहोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. खांदा देणं राहिलं. कबरीवर ओली माती होती, तिथे फातेहा पढलो. अम्मीला मात्र बहिणीचं तोंड पाहायला मिळालं होतं, ते त्या कंडक्टरमुळे. काका कबरस्तानच्या फाटकाशी हात जोडून उभे होते. परतीच्या वाटेवर कुणीच फार बोललं नाही. त्या मिस्त्र्याचं वाक्य मात्र माझ्याबरोबर आलं, आणि पुढे ज्या ज्या गॅरेजात मी ते सांगितलं तिथे मिस्त्र्यांनी मान डोलावली.

मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवासही असाच थांबत थांबत झाला होता. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाईनं नवऱ्यानं बनवलेली तीन चाकी गाडी त्याला न सांगता बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटरवरच्या आपल्या माहेरी निघाली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या लांब टाचणीनं मोकळी केली. आपल्या मिस्त्र्यांच्या भाषेत, कचरा काढला. वायरीचं आवरण खराब झालं, तिथे मोजे बांधायचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचा लाकडी ठोकळा झिजला, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, पाणी जागोजागी भरलं, चढावर मुलांनी गाडी ढकलली. आणि ती माहेरी पोहोचली. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तरी घाटात थांबलेल्या गाडीची दुखणी फारशी बदललेली नाहीत. इंधन, वीज, पाणी आणि ब्रेक. या चारांपैकीच काहीतरी एक असतं.

म्हणून गाडी थांबली तर काय करावं, ते नीट ऐकून ठेवा. पहिली गोष्ट, गाडीपेक्षा माणसं आधी. गाडी शक्य तितकी कडेला घ्यायची, धोक्याचे दिवे लावायचे, चाकामागे दगड लावायचा आणि मागे निदान पन्नास पावलांवर त्रिकोण किंवा झाडाची फांदी ठेवायची. माणसांनी गाडीत किंवा गाडीमागे थांबायचं नाही, रस्त्यापासून दूर उभं राहायचं. पावसाळ्यात माळशेजसारख्या घाटात डोंगराच्या कड्याखाली तर मुळीच थांबू नये, दरडी कोसळतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे आणि कुठल्याही संकटात ११२. घाटात फोनला रेंज नसेल तर जाणाऱ्या एसटीच्या चालकाकडे निरोप द्यावा. तो पोहोचतो, हे मी अनुभवानं सांगतो.

दुसरी गोष्ट, तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी आपण गॅस बंद करून लगेच काढतो का? इथेही तेच आहे. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा. मग जाड फडकं धरून झाकण अर्धं फिरवा, फुसकारा जाऊ द्या, मग उघडा. आणि लाल झालेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतू नका. गरम काचेच्या ग्लासात बर्फ टाकल्यावर जे होतं तेच बिडाच्या इंजिनाला होऊ शकतं.

कधी कधी गाडी तापलेली असते, पण पाणी असतं, पट्टाही असतो, आणि तरी ती चालू होत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत याचं कारण अनेकदा पेट्रोलची वाफ असतं. पंप गरम इंजिनाला चिकटलेला. त्याच्या नळीत पेट्रोलचीच वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. पद्मिनीचे टॅक्सीवाले अशा वेळी पंपावर ओलं फडकं ठेवून बिडी पेटवायचे, अर्थात गाडीपासून लांब जाऊन. बिडी संपेपर्यंत पंप निवायचा आणि गाडी सुरू व्हायची. 

तिसरी गोष्ट उतरणीची. चढताना ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ब्रेक तापतात, आणि ब्रेकचं तेल जुनं असेल तर त्यात हवेतलं पाणी मुरलेलं असतं. ते पाणी उकळलं की ब्रेकचं पायडल नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही. चढावर गाडी थांबली तर उशीर होतो. उतारावर थांबली नाही तर जीव जातो. म्हणून दोन वर्षांनी ब्रेकचं तेल बदलायला सांगितलेलं असतं, मग गाडी पाच हजार चाललेली असो की पन्नास हजार.

तुम्ही विचाराल, मग जुनी गाडी ठेवावी की नाही? इथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. गाडी जगते ती नुसती स्वतःच्या तब्येतीवर नाही, सुट्या भागांवर आणि ते बसवणाऱ्या हातांवर. डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यालगत याच प्रीमियर कंपनीचा दुसरा कारखाना होता. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून प्यूजो ३०९ ही गाडी बनवली गेली. आपल्या तालुक्यात बनलेली फ्रेंच गाडी म्हणून लोक कौतुकानं पाहायचे. पण कामगारांचा संप, भागीदारांचे मतभेद यांत काही वर्षांतच हा व्यवहार संपला आणि फ्रेंच कंपनी निघून गेली. ही गाडी काही वाईट नव्हती. पण ती थोडीच विकली गेली होती, त्यामुळे तिचे भाग करून विकणं कुणालाच परवडणारं नव्हतं. पद्मिनीचं बनणं थांबल्यावरही तिचे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळत राहिले, कारण हजारो टॅक्सी रस्त्यावर होत्या. एकाच घरातल्या दोन बहिणी. एकीचा गोतावळा मोठा होता, ती म्हातारपणी निभावून गेली. दुसरी तरुणपणीच निराधार झाली. म्हणून जुनी गाडी घेताना मीटर पाहण्याआधी तुमच्या गावच्या मिस्त्र्याला विचारा, ‘‘हिचे पार्ट मिळतात का?’’

सरकार गाडीचं वय कॅलेंडरवर मोजतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. २०२१ साली केंद्रानं जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण जाहीर केलं आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलं. २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढलं. धूर कमी व्हावा, रस्ता सुरक्षित व्हावा, हा हेतू योग्यच आहे. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते आणि अपघातात माणसाला कमी वाचवते, हे मान्य केलं पाहिजे. शिवाय पेट्रोलही बदललं आहे. २०२५ पर्यंत देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्वत्र आलं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचं रबर आणि नळ्या त्याला सोसतील अशा केल्या आहेत. त्याआधीच्या, विशेषतः फार जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि पॅकिंग लवकर खराब होऊ शकतात. इथेनॉल पाणी शोषून घेतं, तेव्हा गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणं आता पूर्वीपेक्षाही महाग पडणार.

नव्या गाड्या वाटेत कमी बंद पडतात. पण बंद पडल्या तर टोकावड्याच्या मिस्त्र्याचा अंगठा तिथे पुरत नाही, संगणक जोडावा लागतो. हे दुःखानं सांगत नाही. मुंब्र्याच्या गॅरेजांतली पोरं आता स्कॅनर घेऊन बसतात आणि वडिलांपेक्षा चार गोष्टी जास्त जाणतात. मात्र त्या नव्या गाडीतही पट्टा रबराचाच असतो, टायर रबराचाच असतो, बॅटरी उभ्या उभ्या उतरतेच. पार्किंगमध्ये नवी आणि जुनी सारखीच म्हातारी होते.

तेव्हा उपाय साधा आहे आणि जवळपास फुकटचा. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा. नुसती जागेवर सुरू करून ठेवू नका, त्यानं भलं होत नाही. टायर फिरू द्या, ब्रेक लागू द्या, तेल पुरतं तापू द्या. लांब जायचं असेल तर निघायच्या दिवशी सकाळी नव्हे, आठवडाभर आधी मिस्त्र्याला दाखवा, म्हणजे निघालेलं काम करायला वेळ मिळतो. पट्टा आणि होज पाइप चार-पाच वर्षांनी बदला, चांगले दिसत असले तरी. जुना पट्टा टाकू नका, डिकीत स्टेपनीजवळ ठेवा. सोबत पाच लिटर पाणी, दहा-बारा फुटांची दोरी, टॉर्च आणि मुख्य पाने.

आज रविवार आहे. बहुतेकांच्या गाड्या खाली उभ्या असतील. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबून पाहा. अर्धा इंच दबला तर ठीक, जास्त दबला तर सैल आहे. मग त्याची आतली बाजू वळवून उजेडात धरा. भेगा दिसल्या तर उद्याच बदलून घ्या. या कामाला दोन मिनिटं लागतात. पुढचा फोन लग्नाचा असेल की मयतीचा, हे आपल्या हातात नसतं. त्या फोननंतर गाडी निघेल आणि पोहोचेल, एवढं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)